संकेत टाळणे आणि संकेत तपासणे : कुमारांच्या अद्भुतिकेसंबंधी काही विचार

१

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुतिकेची चर्चा सुरू झाली की एक उपदेश हमखास पुढे येतो : रूढ कल्पना टाळाव्यात. भविष्यवाणीने आधीच नेमून ठेवलेला अनाथ मुलगा, त्याला वाट दाखवणारा पांढऱ्या दाढीचा जादूगार, दुष्ट सावत्र आई, तीन भावंडांपैकी भाग्यवान ठरणारे धाकटे भावंड, दूरच्या काळोख्या प्रदेशात बसलेला दुष्टशक्तीचा अधिपती, सिंहासनावर परतणारा खरा वारस. अशी एक यादी केली जाते आणि लेखकाने तिच्यापासून दूर राहावे असे सुचवले जाते. वरवर पाहता या उपदेशात आक्षेप घेण्याजोगे काही नाही. शिळे अन्न कोणी वाढू नये, इतकेच त्याचे म्हणणे आहे.

तथापि या उपदेशामागे दोन गृहीतके आहेत आणि ती दोन्ही तपासून पाहणे आवश्यक आहे. शिळेपणा हा विशिष्ट कल्पनाबंधाचा अंगभूत गुण असतो, त्यामुळे तो कल्पनाबंध वगळला की शिळेपणाही जातो, हे पहिले गृहीतक. ज्याला या शिळेपणाचा कंटाळा येतो तो वाचक आणि ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले गेले आहे तो वाचक हे दोघे एकच आहेत, हे दुसरे. यांपैकी दुसरे गृहीतक तर उघडच चुकीचे आहे. शेकडो अद्भुतिका वाचलेल्या समीक्षकाला नियत नायक पानापानावर भेटतो. बारा वर्षांच्या मुलीला तो कदाचित प्रथमच भेटत असतो. तिच्या दृष्टीने तो संकेत नव्हे, ती केवळ एक गोष्ट असते. तेव्हा कुमारसाहित्यातील रूढ संकेतांवर आक्षेप घ्यायचाच असेल, तर त्याचा आधार प्रौढ वाचकाचा कंटाळा हा असू शकत नाही. संकेत न बोलता जे शिकवून जातो त्याच्यातच तो आधार शोधावा लागेल. माणसाची योग्यता जन्माने ठरते, दुष्टपणा नेहमी सीमेपलीकडे राहतो, मोठ्यांनी निवडले की मुलाच्या संमतीचा प्रश्न उरत नाही. ही विधाने कोणी स्पष्ट शब्दांत केली तर वाचक त्यांच्याशी वाद घालू शकेल. कथेच्या रचनेतून ती आली की वादाला जागाच राहत नाही. पहिल्याच भेटीत ती जगाचा नियम होऊन बसतात.

२

येथे 'संकेत' आणि 'साचा' यांत भेद करणे उपयुक्त ठरेल. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांच्या रूपाचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात कथेच्या एकतीस कार्यांची आणि सात भूमिकांची मांडणी होती. जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये नायकाच्या प्रवासाचा एक सर्वसामान्य आराखडा मांडला. दोघांच्या पद्धती आणि प्रेरणा भिन्न असल्या तरी दोघांचेही काम वर्णनाचे होते : ज्या कथा आधीच सांगितल्या गेल्या त्या कशा घडल्या आहेत, हे त्यांना पाहायचे होते. पुढच्या काळात, विशेषतः कॅम्पबेल यांच्या आराखड्याच्या बाबतीत, वर्णनाचे रूपांतर पाककृतीत झाले. जे कथांमध्ये आढळले ते कथेत असलेच पाहिजे, असे मानले जाऊ लागले. संकेताचा साचा होतो तो या ठिकाणी.

संकेत हा मुळात अनुभवाचा संक्षेप असतो. मराठी वाचकाला परिचित असलेली नागपंचमीची कहाणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. घरात अनेक सुना असतात. श्रावणात कोणी माहेरी जाते, कोणी आजोळी. सर्वांत धाकट्या सुनेला मात्र माहेरचे कोणीच नसते. म्हणून ती नागोबालाच माहेरचे मानते, आणि नाग तिला न्यायला येतो. धाकटी येथे भाग्यवान ठरते हे खरे; पण एकत्र कुटुंबाच्या उतरंडीत तिची पायरी शेवटची होती, आणि माहेरचा आधार नसल्याने ती अधिकच खाली ढकलली गेली होती, हे कहाणी ऐकणाऱ्या प्रत्येक स्त्रीला सांगावे लागत नसे. युरोपीय कथांतील धाकट्या मुलाचेही असेच. जेथे वडिलोपार्जित मिळकत थोरल्याकडे जाण्याची रीत होती, तेथे धाकट्याला घर सोडून नशीब काढायला जावे लागणे ही कल्पित गोष्ट नव्हती. दोन्हीकडे धाकटेपणाच्या संकेतात एक तक्रार साठवलेली आहे. ती विसरली गेली आणि केवळ 'धाकटे ते भाग्यवान' एवढे सूत्र उरले, म्हणजे संकेताचा साचा होतो. सारांश, शिळेपणा कल्पनाबंधात नसतो. कल्पनाबंध ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून जन्मला त्या प्रश्नाच्या विस्मरणात तो असतो.

याला आणखी एक कारण वाङ्मयप्रकाराच्या भेदात आहे. लोककथेतील पात्रांना अंतरंगाची खोली नसते, हे माक्स ल्यूथी यांनी युरोपीय लोककथेच्या आपल्या अभ्यासात दाखवून दिले आहे. तेथे माणसे सपाट असतात. त्यांना दुःख होते, पण ते कृतीतून दिसते, मनोव्यापारांतून नाही. अद्भुताला सामोरे जाताना ती चकितही होत नाहीत. अशा सपाट जगात 'धाकटा जिंकला' हे विधान खटकत नाही, कारण थोरल्याला काय वाटले हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. आधुनिक अद्भुतिका मात्र कादंबरी आहे. तिच्यातील पात्रांना भूतकाळ आहे, भीती आहे, स्वतःविषयीच्या समजुती आहेत. लोककथेचा संकेत कादंबरीत आणला, पात्रांना अंतरंग दिले, आणि तरीही त्या अंतरंगाने संकेताला एकही प्रश्न विचारला नाही, तर ती कलाकृती अप्रामाणिक होते. निवडल्या गेलेल्या मुलाला निवडले जाणे कसे वाटते, हे कादंबरीला टाळता येत नाही. टाळले तर ती केवळ लांबवलेली लोककथा उरते, आणि लोककथेचे लाघवही गमावून बसते.

३

या दृष्टीने उर्सुला के. ले ग्विन यांची 'अर्थसी' कादंबरीमाला विचारात घेण्याजोगी आहे. तिचा पहिला भाग, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला तो मुळातच कुमारवाचकांसाठी लिहिलेला होता. या कादंबरीचा उगम एका रूढ प्रतिमेविषयीच्या साध्या प्रश्नात आहे. कथांतील जादूगार नेहमी वृद्ध आणि शहाणा असतो. तर मग तो तरुण असताना कसा होता, आणि त्या धोकादायक विद्येचे शिक्षण त्याने कोठे घेतले? ले ग्विन यांनी जादूगाराची प्रतिमा टाळली नाही. त्या प्रतिमेला वय आणि चरित्र दिले. गेड हा गॉण्ट बेटावरचा गरीब खेड्यातला मुलगा. त्याचे पहिले शिक्षण गावातल्या चेटकीण मावशीकडे होते. पुढे तो रोक बेटावरील विद्यालयात जातो. तेथे गर्वाच्या आणि ईर्षेच्या भरात तो मृताला आवाहन करतो आणि त्या फटीतून एक छाया जगात येते.

यापुढे सर्व काही रूढ वाटेने गेले असते, तर ती छाया दुष्टशक्तीचा अधिपती ठरली असती आणि कादंबरीचा शेवट युद्धात झाला असता. तसे होत नाही. गेड आधी पळतो. मग गुरू ओगियनच्या सल्ल्यावरून उलट फिरून छायेचाच पाठलाग करतो. आणि अखेर पूर्वेच्या अथांग समुद्रात दोघे समोरासमोर आल्यावर दोघेही एकमेकांचे नाव उच्चारतात. ते नाव एकच असते. तेथे विजयही नाही, पराजयही नाही. बाहेरचा शत्रू हा संकेत येथे नाहीसा झालेला नाही. शत्रू ज्या ठिकाणी बसवला जातो ते ठिकाण बदलले आहे. त्याचबरोबर या जगातील बहुसंख्य माणसांची कातडी तांबूस-तपकिरी किंवा काळी आहे आणि गोरे लोक हे लुटारू कार्ग आहेत, ही गोष्ट कादंबरी कोणताही गाजावाजा न करता सांगते. नायकाचा गोरेपणा हाही एक संकेत होता. तो संकेत म्हणून कोणाच्या ध्यानातच येत नव्हता, इतका तो मुरलेला होता.

दुसरा भाग, 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन' (१९७१), नियत नायकाच्या संकेताची सर्वांत कठोर तपासणी करतो. पूर्वीची पुजारीण ज्या रात्री मरण पावली त्याच रात्री जन्मलेली मुलगी म्हणजे तिचाच पुनर्जन्म, या समजुतीने टेनारला लहानपणीच घरातून उचलून आणले जाते. विधिपूर्वक तिचे नाव काढून घेतले जाते. यापुढे ती 'आर्हा', म्हणजे जिला गिळले गेले आहे ती. रूढ कथेत निवड हा गौरव असतो. येथे निवड म्हणजे भक्षण आहे, आणि कादंबरी तो शब्दच नाव म्हणून वापरते. चक्रव्यूहासारख्या भुयारात अडकलेला गेड तिला तिचे नाव परत देतो. पण बाहेर पडण्याचा निर्णय तिला स्वतः घ्यावा लागतो, आणि बाहेर पडल्यावर तिला केवळ आनंद होत नाही. मोकळेपणाचे ओझे तिला पेलवत नाही आणि ती रडते. 'निवडलेले मूल' हा संकेत वगळून जे साधले नसते, ते त्याची किंमत मांडून साधले आहे. या कादंबरीची कुमारवाचक टेनारच्या निमित्ताने एक अवघड प्रश्न विचारायला शिकते : मला निवडणाऱ्यांना तो अधिकार कोणी दिला?

४

ले ग्विन यांची रीत गंभीर आणि शोकात्मतेकडे झुकणारी आहे. डायना विन जोन्स यांची रीत विनोदाची. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द टफ गाइड टू फॅन्टसीलॅण्ड' या पुस्तकात त्यांनी अद्भुतिकांतील सर्व झिजलेल्या कल्पना प्रवासी मार्गदर्शिकेच्या थाटात अकारविल्हे मांडल्या. तेथे प्रवाशाला खायला नेहमी रश्शाचा एकच पदार्थ मिळतो, जरी तो शिजायला कित्येक तास लागत असले तरी. घोडे कधी थकत नाहीत. आणि नकाशावरच्या प्रत्येक ठिकाणाला भेट द्यावीच लागते. हे पुस्तक म्हणजे टाळायच्या गोष्टींची यादीच, असे कोणी म्हणेल. परंतु त्यातील विनोदाचा रोख नीट पाहिला तर तो संकेतांवर नसून बेपर्वाईवर आहे, असे दिसते. घोडा खातो काय, सैन्याला धान्य कोण पुरवते, हे प्रश्न लेखकाने विचारलेले नसतात. जोन्स ते विचारतात.

त्याच्या दहा वर्षे आधीची त्यांची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६) ही कादंबरी याच वृत्तीचे सर्जनशील रूप आहे. इंगारी या देशात लोककथांतील वस्तू खरोखरच असतात, आणि तीन भावंडांतील थोरले असणे हे तेथे दुर्दैव मानले जाते. कारण नशीब काढायला निघाल्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत वाईट अपयश थोरल्यालाच येणार, हे सर्वांना ठाऊक असते. सोफी ही तीन बहिणींतील थोरली. ती ही समजूत इतकी मनावर घेते की टोप्यांच्या दुकानात मुकाट्याने राबत राहते. पुढे एक चेटकीण तिला म्हातारी करून टाकते. शाप बाहेरून आला हे खरे; पण तो टिकून राहतो त्याला सोफीचीही साथ असते, हे कादंबरीत हळूहळू उघड होते. म्हातारपणाच्या आड तिला निर्भयपणे बोलता येते, आणि ते लपणे तिला हवेसे वाटू लागलेले असते. तिच्या बोलण्यातच जादू आहे, टोपीला किंवा काठीला ती जे सांगते ते खरे होते, हे इतरांच्या ध्यानात येते. तिच्या स्वतःच्या ध्यानात येत नाही. जी मुलगी वस्तूंना बोलून जिवंत करते, तीच स्वतःला रोज 'तू थोरली, तुझे काही होणार नाही' असे सांगत असते. अशा रीतीने संकेत हाच या कादंबरीतील खरा शाप ठरतो.

सावत्र आईचा संकेतही येथे असाच हाताळला आहे. फॅनी सोफीला राबवते, असा आरोप तिची स्वतःची मुलगी मार्थाच करते. सोफी त्यावर अर्धवट विश्वास ठेवते. वाचकही ठेवतो, कारण सावत्र आई कशी असते हे त्याला गोष्टींनी शिकवलेले असते. शेवटी फॅनी भेटते ती प्रेमळ, काहीशी उथळ, स्वतःच्याही सुखाचा विचार करणारी बाई म्हणून. तिच्यावरचा आरोप सर्वस्वी खोटा नव्हता, पण तिची दुष्टताही खरी नव्हती. वाचकाला येथे कळते ते फॅनीबद्दल कमी आणि स्वतःच्या घाईबद्दल अधिक. दोन वेगवेगळ्या ठिकाणी शिकाऊ म्हणून पाठवलेल्या धाकट्या दोघी बहिणी परस्पर जागा बदलून घेतात, हा उपकथेतील भागही त्याच सूत्राशी जोडलेला आहे : वाट्याला आलेली भूमिका बदलता येते, फक्त ती भूमिका आहे हे आधी ओळखावे लागते.

ले ग्विन आणि जोन्स यांच्यात साम्य आहे ते एवढेच, पण ते मूलभूत आहे. दोघींनीही संकेत जवळ केला, त्याच्या आत राहणाऱ्या माणसाच्या बाजूने तो पाहिला, आणि त्याची किंमत कोण मोजतो हे विचारले.

५

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला बालमानसशास्त्राच्या बाजूचा. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ मध्ये परीकथांची उपयुक्तता मांडताना असे प्रतिपादन केले की चांगले आणि वाईट यांची ठळक विभागणी लहान मुलाला आपल्या गोंधळलेल्या भावनांची व्यवस्था लावायला मदत करते. सावत्र आईची दुष्टता ही मुलाला खऱ्या आईविषयीचा राग सुरक्षितपणे अनुभवू देते. हे मान्य केले तर संकेत तपासणे म्हणजे मुलाचा आधार काढून घेणे नव्हे काय? उत्तर असे की बेटेलहाइम यांचा विचार मुख्यतः लोकपरंपरेतील कथा ऐकणाऱ्या लहान मुलाविषयी आहे. दहा-बारा वर्षांपुढचा वाचक त्या अवस्थेतून बाहेर पडत असतो. त्याला आई खरोखरच काही वेळा अन्याय करते आणि तरीही ती आईच असते, हे कळू लागलेले असते. फॅनीसारखे पात्र त्याच्याकडून आधार काढून घेत नाही, त्याला आधीच जे उमगू लागले आहे त्याला रूप देते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तपासणीतून जन्मलेली गोष्टच पुढे साचा होते, मग तपासणीचा उपयोग काय? जादूगारांच्या शाळेची कल्पना 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये एका प्रश्नाचे उत्तर म्हणून आली होती. १९९७ मध्ये हॅरी पॉटर मालिका सुरू झाल्यानंतर तीच कल्पना इतकी पसरली की आज टाळावयाच्या गोष्टींच्या कोणत्याही यादीत तिला स्थान मिळेल. उलटापालटीचेही तसेच. नियत नायकाऐवजी न नेमलेला नायक, दुष्ट राक्षसाऐवजी गरीब राक्षस, सुटका करून घेणाऱ्या राजकन्येऐवजी स्वतः तलवार उपसणारी राजकन्या; हे सारे आता तितकेच ठरीव झाले आहे. हा आक्षेप वस्तुतः प्रस्तुत प्रतिपादनाला पुष्टीच देतो. यादीच्या आधारे संकेत टाळता येत नाहीत, कारण यादी नेहमी कालची असते. उलटवलेला संकेत हाही संकेतच असतो. त्याच्या आत कोणी राहत नसेल तर तो तितकाच पोकळ.

शिवाय लेखकाला स्वतःचे सर्व संकेत दिसतच नाहीत. ज्या ले ग्विन यांनी नायकाच्या गोरेपणाचा संकेत मोडला, त्यांच्याच पहिल्या तीन भागांत रोकच्या विद्यालयात स्त्रियांना प्रवेश नाही, स्त्रियांची जादू हलकी समजली जाते, आणि 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) मध्ये खऱ्या राजाच्या आगमनाचा जुनाच संकेत पुष्कळसा जसाच्या तसा येतो. सतरा-अठरा वर्षांनी, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'तेहानू'त त्या याच जगात परतल्या, पण ते जग त्यांनी जादू गमावलेला गेड, शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा झालेली टेनार आणि भाजून विद्रूप झालेली एक मुलगी यांच्या बाजूने पाहिले. भांडी घासणे, शेळ्या राखणे, भयभीत मुलीला झोपवणे, यांना त्या कादंबरीत मंत्रविद्येहून कमी जागा नाही. या भागाला कुमारसाहित्य म्हणावे की नाही याविषयी दुमत होऊ शकते. त्यातील विचार काही ठिकाणी कथेच्या पुढे धावतो, हेही नाकारता येणार नाही. परंतु स्वतःच्याच जगाच्या पायाखालचा संकेत लेखिकेने इतक्या उघडपणे उकरून काढल्याची उदाहरणे थोडी आहेत.

आणि लेखकाने मोडलेला संकेत बाजार पुन्हा जोडू शकतो. २००४ मध्ये अर्थसीवर अमेरिकेत दूरचित्रवाणी मालिका निघाली तेव्हा गेडची भूमिका गोऱ्या नटाला देण्यात आली. ले ग्विन यांनी त्याबद्दल जाहीरपणे निषेध नोंदवला. पुस्तकात जे बदलले ते पडद्यावर सहजपणे पूर्ववत होते. कारण संकेत केवळ लेखकाच्या लेखणीत राहत नाही, तो निर्मात्यांच्या आणि प्रेक्षकांच्या अपेक्षांतही राहतो.

६

संकेताची ओळख वाचकसापेक्ष असते, याचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या बाजूने देता येईल. अर्थसीमध्ये प्रत्येकाचे एक खरे नाव असते आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. चारचौघांत वापरायचे नाव वेगळे. इंग्रजी वाचकाला ही कल्पना बहुधा पुराणकथांतून आणि अद्भुतिकांतूनच परिचित असते. मराठी घरांत मात्र बारशाच्या वेळी बाळाच्या कानात नाव सांगण्याची रीत आहे; पत्रिकेतील नावरस नाव आणि हाक मारायचे नाव वेगळे असते; लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलण्याची प्रथा पुष्कळ काळ चालत आली; आणि पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये या निषेधातून उखाण्यासारखा लोकवाङ्मयप्रकार बहरला. टेनारचे नाव काढून घेतले जाते हा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचणाऱ्या मुलीला तो दूरच्या बेटावरचा विधी वाटेलच असे नाही. जे एका भाषेत अद्भुतिकेचे झिजलेले भांडवल आहे, ते दुसऱ्या भाषेत घरातला अनुभव असू शकते. म्हणून मराठीत अद्भुतिका लिहिणाऱ्याने इंग्रजीतील टाळण्याच्या याद्या जशाच्या तशा स्वीकारणे हे इंग्रजीतील साचे स्वीकारण्याइतकेच परावलंबी ठरेल. अटपाट नगर, नावडती राणी, धाकटी सून यांच्या संकेतांत कोणती तक्रार साठवली आहे आणि ती आज कोणाची आहे, हा शोध मराठी लेखकाला स्वतंत्रपणेच घ्यावा लागेल.

समीक्षेचे कामही त्याला अनुरूप असेच ठरते. कुमारांच्या अद्भुतिकेचे मूल्यमापन करताना तिच्यात किती संकेत रूढ आहेत याची मोजदाद फारशी उपयोगाची नाही. नेमलेल्या मुलाला नकार देण्याची वाट कथेत होती काय, हरलेल्या थोरल्यांकडे कथेने एकदा तरी वळून पाहिले काय, दुष्टाला घर आणि भूक होती काय, विजयानंतर भांडी कोणी घासली, हे प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत. या प्रश्नांना जागा देणारी कादंबरी राजपुत्र, ड्रॅगन आणि भविष्यवाणी या सर्वांना घेऊनही ताजी राहू शकते. ती जागा न देणारी कादंबरी, त्यांपैकी एकही न वापरता, जुनीच गोष्ट सांगत राहील. आणि ज्या वाचकाने अद्याप फार थोड्या गोष्टी वाचल्या आहेत, त्याच्या बाबतीत हा फरक अभिरुचीपुरता मर्यादित राहत नाही. न्याय कसा असतो याची त्याची पहिली कल्पना बहुतेक वेळा अशाच एखाद्या पुस्तकातून आलेली असते.